चार नंबरचं पाणी

जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये नर्मदेच्या पाण्यावर नजर ठेवणारं एक छोटंसं सरकारी केंद्र आहे. पाटीवर साहेबांची नावं आहेत, दारांवरही साहेबांचीच आहेत. पण बरगीच्या धरणाखालून शहरापर्यंत नदीकाठच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, पाणी तपासायला कोण येतं? उत्तर एकच मिळेल, "कीड़ेवाली बाई." ही कीड़ेवाली बाई म्हणजे बेबीताई रामटेके. हुद्दा फील्ड अटेंडंट. कागदावर त्याचा अर्थ साहेबांची पिशवी धरणारी असा होतो. खरी गोष्ट अशी की साहेब येतात, दोन-तीन वर्षांनी बदलून जातात, आणि पिशवीत काय भरायचं ते बेबीताई ठरवते.

तिचे आजोबा भंडाऱ्याकडून इथल्या फॅक्टरीत कामाला आले आणि इथलेच झाले. बेबीताई केंद्रात लागली ती काचेच्या बाटल्या धुवायला. एकदा तिथले मोठे शास्त्रज्ञ पांढऱ्या ट्रेमध्ये नदीतले किडे मोजत बसले होते. ही फडकं घेऊन मागे उभी. अठरा, एकोणीस, वीस असं ते मोजत होते, तर ही म्हणाली, "सर, तो लंगडा तुम्ही दोनदा मोजला." सरांनी भिंग डोळ्याला लावलं. खरंच, एका किड्याचा पाय तुटलेला होता आणि तो ट्रेभर फिरून पुन्हा त्यांच्या चिमट्यापुढे आला होता. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या दुसऱ्या कोणी धुतल्या.

तिचं काम ऐकायला सोपं आहे. नदीवर सहा ठिकाणं ठरलेली, त्यांना स्टेशन म्हणतात. दर महिन्याला प्रत्येक स्टेशनवर गुडघाभर वाहत्या पाण्यात उतरायचं. जागा दगडांचीच हवी, मुठीएवढ्या दगडांची. वाळूत जाळी लावायची नाही, हा पहिला नियम. प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची आणि वरच्या अंगाचे दगड घड्याळ लावून तीन मिनिटं पायाने खळबळवायचे. दगडाला धरून बसलेले किडे सुटून जाळीत येतात. ते ट्रेमध्ये ओतायचे, निवडायचे, मोजायचे. पाण्यातला प्राणवायू मोजायला वेगळी बाटली भरायची, आणि तिच्यात एक बुडबुडा जरी राहिला तरी पाणी फेकून पुन्हा भरायचं. किड्यांची इंग्रजी नावं बेबीताईला पाठ आहेत, पण तिची स्वतःची नावं जास्त चालतात. तीन शेपट्यांची ती तीनशेपटी. ती स्वच्छ पाण्यातच राहते. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते ती घरवाली. तिलाही घाण खपत नाही. आणि गटाराच्या पाण्यातही सुखाने नांदणारा लाल्या. "बाटलीतलं पाणी आजचं सांगते," ती नव्या पोरांना म्हणते, "किडा महिन्याभराचं सांगते. तो काही तुमच्यासारखा ऑफिसात आला अन् सही करून गेला, असं करत नाही."

तर वीस वर्षांचा अहवाल तयार होत होता. केंद्राच्या शास्त्रज्ञ मेघना खिरवडकर, घराण्याने चार पिढ्या जबलपूरच्या, केंद्रात मात्र पाच वर्षांपासून. त्यांनी सगळे आकडे संगणकात भरले आणि चार नंबरच्या स्टेशनपाशी त्यांचा चेहरा उजळला. चौदा वर्षं तिथे लाल्याच लाल्या होता. सहा वर्षांपूर्वीपासून तीनशेपटी आली, घरवाली आली, किड्यांवरून पाण्याला मिळणारे गुण दुपटीवर गेले. नदी सुधारली होती! भोपाळहून मोठे अधिकारी येणार, त्यांच्यासमोर हा आलेख दाखवायचा, आणि त्याच सभेत बेबीताईला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं. अटेंडंटला शाल, हे केंद्रात आजवर घडलं नव्हतं. शिवाय सुधारलेलं ठिकाण म्हणून चार नंबर यादीतून वगळायचं, तिथली तपासणी बंद करायची, असाही प्रस्ताव अहवालात होता.

शालीची बातमी बेबीताईने कोणाला सांगितली नाही असं नाही. गल्लीत सांगितली, बहिणीला नागपूरला फोन करून सांगितली, भाजीवालीलाही सांगितली. पंचवीस वर्षं गार पाण्यात पाय घातलेल्या बाईने एवढं मिरवलं तर कोणाचं काय गेलं?

सभेला दहा दिवस राहिले असताना मेघना मॅडम तिला घेऊन चार नंबरवर गेल्या. हातात वीस वर्षांपूर्वीचा फोटो होता, तरणी बेबीताई पाण्यात जाळी धरून उभी. तसाच आताचा फोटो काढायचा होता. नावाडी मुरलीधरने पलीकडच्या काठाला नाव लावली. बेबीताई आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली आणि पोज नीट जमावी म्हणून तिने जुना फोटो मागून घेतला.

फोटोत गावाकडून येणाऱ्या नाल्याचं तोंड तिच्या वरच्या अंगाला होतं. नाल्याचं घाण पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं. आता तिने मान वळवून पाहिलं. नाला खालच्या अंगाला होता.

"हसा ना, बेबीताई," मॅडम म्हणाल्या. बेबीताई हसली. तो फोटो अजून आहे. त्यात ती दात दुखत असल्यासारखी दिसते.

काय झालं होतं ते तिला उभ्या जागी आठवलं. सहा वर्षांपूर्वी मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर जुनी जागा वाळूने भरून गेली होती. वाळूत जाळी लावायची नाही! ती नियमाची पक्की. दगड शोधत काठाकाठाने वर गेली, कासाच्या गवतात दडलेला नाल्याचा ओहळ ओलांडला, आणि मुरलीधर ओरडला, "बाई, इते पथरा हैं!" इथे दगड आहेत. तिने जाळी लावली. पुढच्या पुरात वाळू निघून जाईल, तोवर दोन-चार महिने इथेच, असं मनाशी म्हणाली आणि शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही. दोन महिन्यांची सहा वर्षं झाली. कागदावर स्टेशन चार लिहिलं की संगणक जागा आपोआप जुनीच भरायचा. दगड सांभाळता सांभाळता बाईने जागा घालवली होती. नदी कुठे सुधारली होती? बेबीताईच नाल्याच्या वर जाऊन उभी राहिली होती.

रविवारी तिने मुरलीधरला बोलावून काठाने चालत अंतर मोजलं. एकशे ऐंशी पावलं. जुन्या जागेच्या काठाशी वाळू खरोखरच सरली होती आणि दगड पुन्हा उघडे पडले होते. केव्हा पडले कोण जाणे. तिने पाहिलंच नव्हतं. तिने तीन मिनिटं दगड खळबळवले. ट्रे लाल झाला. एकही तीनशेपटी नाही. त्या जागेच्याच खाली गावातल्या दोन बाया कपडे धूत होत्या, आणि पलीकडे एकीने हंडा बुडवला.

मुरलीधर हुशार माणूस. तो हळूच म्हणाला, "बाई, किसी ने देखा थोड़ी है." झाकली मूठ सव्वा लाखाची. बेबीताईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वल्हं उचललं.

घरी नवरा लक्ष्मणराव. फॅक्टरीत तीस वर्षं माल तपासून निवृत्त झालेला, एका सुताच्या फरकावरून अख्खा दिवस भांडणारा गृहस्थ. तिने संध्याकाळच्या चहाला सगळं सांगितलं.

"मग आता काय करून राहिली?" त्याने विचारलं.

"तेच तर तुम्हाले विचारून राहिली. बोलली तर शाल गेली. मॅडमचा आलेख गेला. लोक म्हणतील, हिचे बाकी आकडे तरी खरे काहून मानायचे?"

"आमच्याकडे माल पास झाल्यावर खोट सापडली, तर लॉट थांबवत होतो. ज्यानं पास केला त्यानंच थांबवायचा." एवढं बोलून त्याने बशीतला चहा संपवला. लक्ष्मणरावांचं सांत्वन असंच असतं.

सकाळी बुद्धवंदनेला बसली तर चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, ती थांबली. पंचवीस वर्षं तिने एक आकडा खोटा लिहिला नव्हता. हाही खोटा नव्हता; प्रत्येक किडा तिने खरा मोजला होता. पण सगळे खरे किडे मिळून एक खोटं बोलत होते, आणि त्या खोट्याखाली एक बाई हंडा भरत होती. तिने वंदना पुरी केली आणि डबा न घेताच ऑफिस गाठलं.

मेघना मॅडमनी ऐकून घेतलं. त्या चिडल्या, आणि का चिडू नये? "सहा वर्षं, बेबीताई! एक ओळ लिहिता आली नाही?"

"नाही लिहिली, मॅडम. चूक माझीच आहे."

मॅडमनी आलेख बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मीसुद्धा पाच वर्षं तुमच्यासोबत जाऊन त्याच दगडांवर उभी राहिले. नकाशा उघडून पाहिला नाही. सभेत मी सांगते."

"नाही. जाळी माझ्या हातात होती. मीच सांगते."

सभेच्या दिवशी टेबलावर शाल घडी करून ठेवलेली होती. बेबीताई तिच्याकडे न बघता उभी राहिली आणि तिने हिंदीत सगळं सांगितलं: पूर, वाळू, दगड, नाला, एकशे ऐंशी पावलं. एक शब्द गाळला नाही. भोपाळहून आलेले शैलेंद्र साहेब, ज्यांच्या सहीवर ही सहाही स्टेशनं चालायची की बंद व्हायची ते ठरणार होतं, त्यांनी चष्मा काढला.

"फिर बाक़ी पाँच जगहों का क्या भरोसा?"

हाच प्रश्न तिला आठवडाभर टोचत होता. ती म्हणाली, "भरोसा मत कीजिए, साहब. चलिए. गाड़ी बाहर खड़ी है."

आणि साहेब निघाले! उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब बेबीताईने पुष्कळ पाहिले होते. हे त्यातले नव्हते. पहिल्या स्टेशनवर ते म्हणाले, रजिस्टर नाही, फोन नाही, फक्त उतरा आणि तुमच्या जागेवर उभ्या राहा. ती उतरली. पायाने दगड चाचपले, दोन पावलं डावीकडे सरकली, थांबली. साहेबांनी वीस वर्षांपूर्वी नोंदलेली जागा आपल्या फोनवर काढली. आठ पावलांचा फरक, आणि तेवढा फरक तर फोनचाच असतो. दुसऱ्या स्टेशनवर पाच पावलं. तिसऱ्यावर काठाची सगळी झाडं तुटून तिथे नवा घाट झालेला होता, ओळखीची एक खूण उरली नव्हती. तिथेही ती सरळ पाण्यात गेली आणि उभी राहिली. सहा पावलं. मेघना मॅडम काठावर उभ्या होत्या. हे माझं माणूस आहे, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, पण सरकारी सभ्यपणा आड आला. पाचवं, सहावं करून सगळे शेवटी चार नंबरवर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

इथे बेबीताईने साहेबांना पँट दुमडायला लावली. आधी नाल्याच्या वर नेलं, मग एकशे ऐंशी पावलं खाली. दोन्हीकडे तीन-तीन मिनिटं. दोन ट्रे काठावरच्या खडकावर शेजारी शेजारी ठेवले. एकात तीनशेपट्या पळत होत्या, दुसऱ्यात नुसता लाल्या वळवळत होता. साहेब उकिडवे बसून पाहत राहिले. मेघना मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, सहा वर्षं आम्हाला वाटलं नदी सुधारली. पण हे आकडे वाया नाहीत. या नाल्याच्या वरचं पाणी किती चांगलं आहे, त्याची सहा वर्षांची नोंद आपल्याकडे आहे. नाला काय बिघडवतो ते आता कोणालाही दाखवता येईल."

साहेबांनी तिथेच गुडघ्यावर फाईल ठेवून स्टेशन बंद करण्याचा प्रस्ताव खोडला. चारच्या जागी चार-अ आणि चार-ब, आणि नाल्याची चौकशी, असं लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "दोनों जगह, एक ही सुबह, हर महीने. दुगुना काम है. करेगा कौन?"

बेबीताईला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच ती मोकळी हसली.

"साहब, ग़लती छह साल की है. नौकरी भी छह साल बची है. बराबर बैठता है."

साहेबांनी कागदावर तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं. शाल तिकडे सिविल लाइंसमध्ये टेबलावरच राहिली होती आणि ती आणायचं कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, बेबीताईच्या तर नाहीच. ती ट्रेमधले किडे परत पाण्यात सोडायला खाली उतरली, वरचे वर आणि खालचे खाली, आणि मुरलीधरला ओरडून म्हणाली की रजिस्टर आण, शेरा आत्ताच लिहायचा आहे.