काखेतला भोपळा

धाकटीला विहिरीत पोहायला शिकवायचं होतं. पाठीला बांधायला वाळका भोपळा हवा, म्हणून वेल्ह्याच्या बाजारात गेलो. एस.टी. तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. विकणारा म्हणाला, सगळे भोपळे पक्के. तो तसं म्हणणारच, म्हणून मी शेजारी बसलेल्या धनगराला विचारलं. त्याच्या खांद्यावर घोंगडी आणि काखेत तसलाच एक जुना भोपळा होता. बोलताना तो त्यावरून हात फिरवायचा, शेळीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"लई झ्याक माल हाय. डोळं झाकून घ्या."

"तुम्ही ह्यांचे कोण?"

"व्याही," तो जराही न लाजता म्हणाला. "म्या चांगलंच सांगनार की. पर मला पवाया येत न्हाई, अन् लेकीला बघाया ह्याच्यावरच नदी वलांडतो."

"मग तुमच्या काखेतलाच द्या."

तो हसला आणि त्यानं तो दिलाही.

धाकटी त्याच भोपळ्यावर पोहायला शिकली. मला मात्र अजून दिसतो तो धनगर. आपल्यासाठी दुसरा भोपळा घ्यायला तो व्याह्याच्या ढिगापाशी उकिडवा बसला, आणि एकेक कानाशी धरून, टिचकी मारून, परत ठेवू लागला.