केसाएवढी रेघ

इस्लामपूरकडच्या आमच्या गुऱ्हाळावर दर हंगामाला एक हसरा फिटर येई. चरकातल्या ऊस पिळणाऱ्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, गोल लाटांवर रॉकेल फासायचा, पुसून खडूची पूड चोळायचा आणि चिरेत मुरलेलं रॉकेल पुडीवर उमटतं का, याची गुणगुणत वाट बघायचा. एका साली पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. बैल जुंपलेले, ऊस तोडलेला. चरकात ऊस सारणारे काका भडकले, "रेघंला काय भ्यायचं रं?"

"आवं, बिडात आदी बारक्या चिरा पडत्यात. त्या एकमेकीस्नी भेटल्या की लाट फुटतीया," म्हणत तो बैल ओढतात त्या चरकाच्या दांड्यावरच बसला. हलेचना.

"बघूच!" म्हणून काकांनी लाटेवर घण घातला. लाट दुभंगली.

काका ऊस सारणाऱ्या आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी डोईचा पटका सोडून त्याच्या डोक्याला बांधला. तो लाजला, "आवं, तुमीच बोडकं झालासा की!"