अविनाशचं बुलपेन

शनिवारी सकाळी मेघनाचा फोन आला. "मानसी, अविनाश उठतच नाहीये. अँब्युलन्स बोलावलीय... तू ये." गाडीची किल्ली घेऊन मी तशीच निघाले, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मेघनाचीच भीती वाटत होती. कारण तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखतं हे मला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं. तिला सांगायचं नाही, असं त्यानं मला बजावलं होतं, आणि मी ते शहाण्यासारखं पाळलं होतं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. एवढे दिवस मी त्या घरी पोळ्या लाटल्या, कागदपत्रं लावली, त्यांच्या लेकीला, अनन्याला, शाळेतून आणलं, आणि मेघनाच्या नजरेला नजर देणं टाळत राहिले.

अविनाश पुण्याचा, मी नागपूरची. इथे परदेशात, श्रूजबरी गावात, आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, ऑफिसात टीमही एकच, त्यामुळे नऊ वर्षं आम्ही एका गाडीतून कामाला गेलो. गाडी त्याची आणि बडबडही त्याचीच. क्रिकेट सोडून हा माणूस बेसबॉलच्या नादी कसा लागला देव जाणे! त्यातही बॉल मैदानाबाहेर भिरकावणाऱ्यांचं त्याला कौतुक नव्हतं. त्याचा सगळा जीव रिलीफ पिचरांत, म्हणजे बॉल टाकणारा आधीचा पिचर दमला की त्याच्या जागी येणाऱ्यांत. मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या कुंपणाआड हे लोक बोलावण्याची वाट बघत बसतात. यंदा आमच्या इथली बेसबॉलची टीम फायनलला पोचली आणि रोज सकाळी हायवेवर दोन्ही टीमच्या बुलपेनची चिरफाड सुरू झाली. आपले तीन चांगले, पण तिघंही उजव्या हाताचे. त्यांच्याकडे दोन डावखुरे. त्यांचा तो दाढीवाला लागोपाठ दुसऱ्या दिवशी आला की त्याचा वेग उतरतो...

"मग आपण जिंकणार की नाही, एवढंच सांग ना," मी वैतागून म्हणायचे.

"माणसं आपलीच भारी आहेत यार. पण आपला कोच घाबरट. त्यांचा कोच मॅच फिरतेय असं वाटलं की सातव्या डावातच सगळ्यात चांगला माणूस आणतो. आपला त्याला शेवटच्या, नवव्या डावासाठी राखून ठेवतो, आणि तोवर मॅच हातची गेलेली असते."

कोचला घाबरट म्हणणारा हा माणूस ऑफिसच्या जिन्यात कठडा धरून थांबला, तेव्हा बाहेर चांगलाच गारठा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. डॉक्टरनं टेस्ट लगेच करायला सांगितली होती, कदाचित अॅडमिटही व्हावं लागणार होतं. "गो-लाइव्ह होऊ दे, प्रोजेक्ट एकदा चालू झाला की मग करतो," तो म्हणाला. आदल्याच महिन्यात आमच्या मजल्यावरची अकरा माणसं कमी केली होती. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर घर गुंडाळायचं. मेघना आणि अनन्याचं इथलं राहणंही त्याच्याच व्हिसावर. ही भीती आमच्या घराघरांत फ्रिजसारखी चोवीस तास चालू असते. आवाजाची सवय होते, एवढंच.

"तुझं काम मी घेते. तू आजच जा," मी म्हणाले.

"तुला राखून ठेवलंय. अगदीच अडलं तर बोलावीन," तो हसला. आणि मग एकदम गंभीर होऊन, "मेघनाला सांगायचं नाही. अनन्याची शपथ आहे तुला."

शपथा-बिपथांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण दुसऱ्याच्या मुलीच्या नावानं घातलेली शपथ मोडायचा मला धीर झाला नाही. मोडली आणि त्या पोरीला साधा ताप जरी आला तर? हसा हवं तर. मी भ्याले. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं मला घरी सोडलं, तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. काच खाली करून म्हणाला, "उद्याची मॅच बघ गं. कोचनं वेळेवर माणूस बदलला तर आपलीच." त्यानंतर तासभर मी मेघनाचा नंबर समोर ठेवून बसले होते... आणि लावला नाही. त्या फायनलचं काय झालं, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी मेघनाला ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस हवी होती. लायसन्स आहे, पण हायवेला ती घाबरते, आणि आता व्हिसाच्या वकिलाकडे तिला एकटीलाच जावं लागणार. शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ती अविनाशच्या गाडीत बसली. सीट त्याच्या लांब पायांसाठी पार मागे सरकवलेली. ब्रेकला पाय पुरेना, पण सीट पुढे घ्यायला ती तयार नव्हती. नुसती सीटच्या काठावर टेकून बसली. तिच्याकडे न बघता मी सगळं बोलून टाकलं. जिना, टेस्ट, शपथ, सगळं.

मेघनानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "मला माहीत होतं गं. मलाही अनन्याचीच शपथ घातली होती त्यानं. म्हणाला, मानसीला कळता कामा नये, ती माझं काम अंगावर घेईल, मग ऑफिसात सगळ्यांना कळेल... सहा आठवडे तू दारात आलीस की मला वाटायचं, आज ही मला विचारणार, तुला ठाऊक होतं का?"

मग तिनं खाली वाकून खटका ओढला आणि सीट पुढे घेतली.