खुर्चीवरचा माठ

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझे पुढचे चार दात अजून माझेच होते. हे आधी सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी सगळं गाव त्या दातांवर उठलं होतं.

माझा धाकटा मुलगा गोल्फ खेळतो. हौसेसाठी नाही, पोटासाठी. आमच्या पाचोऱ्याकडच्या गावात कापूस आणि थोडी केळी, तिथं हे गोल्फ कुठून आलं, असं आता जो तो विचारतो. माझा मेहुणा पुण्याला गोल्फच्या मैदानावर माळी होता. पोराला शाळेसाठी त्याच्याकडे ठेवलं, तर हा शाळा सुटली की साहेब लोकांच्या पिशव्या उचलायला जायचा. उचलता उचलता खेळायला शिकला आणि त्यातच राहिला. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. मला त्यातलं इतकंच कळतं, की बॉल कमीत कमी फटक्यांत खड्ड्यात घालायचा, आणि वर्षाच्या शेवटी जो मागे पडला त्याला पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धांत घेत नाहीत.

इतकी वर्षं पोरगा मधेच कुठेतरी असायचा. पहिला नाही, शेवटचा नाही. गावाने एकदाही विचारलं नाही की बाबा तू करतोस काय. मग त्या वर्षीच्या शेवटच्या स्पर्धेत, शेवटच्या खड्ड्याला, त्याने तो फटका मारला.

बॉल वाळूच्या अलीकडे पडलेला. खड्ड्याचा झेंडा वाळूला लागून पलीकडे आणि त्याच्याही मागे तळं. कोणीही बाजूच्या मोकळ्या अंगाने बॉल आणला असता. याने काठीचं चपटं तोंड आभाळाकडे उघडलं आणि लांबचा मारायचा असल्यासारखा पूर्ण हात फिरवला. बॉल पुढे गेलाच नाही, वर गेला. वाळूवरून पलीकडे येऊन मेल्यासारखा पडला आणि घरंगळत खड्ड्यात.

झालं. त्याच्या व्हिडिओला गाणं लावून तो गावातल्या प्रत्येक फोनवर फिरला. मी केस कापायला बसलो तरी न्हाव्याने आरशासमोर धरला. कोणी वाघ म्हणे, कोणी तोफ. ज्यांना झेंडा कशासाठी असतो हे माहीत नव्हतं ते मला फटका समजावून सांगायला लागले. वीट आला मला.

पोरगा घरी आला तेव्हा जेवताना मी विचारलं, "पलीकडे तळं होतं ना?"

"होतं."

"दिसत होतं?"

"दिसत होतं, आबा."

"मग?"

"बाजूने आणला असता तर एक फटका जास्त गेला असता. पुढच्या वर्षी घरीच बसलो असतो. आणि बॉल गवतावर चांगला वर टेकून बसला होता, खाली काठी शिरायला जागा होती."

"किती वेळा जमतो असा?"

"सरावात दहातून सहा-सात."

"आणि बाकीच्या वेळी?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हसला. त्याची आई म्हणाली, "जेवू द्या की त्याला, कोर्टात उभा केल्यासारखं काय विचारता?"

फटक्यावर माझा राग नव्हता. अडला होता, दुसरी वाट नव्हती, मारला. हे मला समजतं. पण अडलेल्या माणसाने जे केलं त्याचा तमाशा करायचा असतो हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शाळेच्या मैदानावर सत्कार ठेवला होता. ठेवणारे नाना म्हणजे आमचे माजी सरपंच. फलकावर नानांचा चेहरा दाराएवढा आणि माझ्या पोराचा खिडकीएवढा. भाषणं सुरू झाली. जो उठेल तो एकच सांगे, तरुणांनी जोखीम घ्यायला शिकलं पाहिजे. नाना तर गहिवरून बोलले. हा माणूस पाचोऱ्याचा रस्ता ओलांडताना दुसऱ्याचा हात धरतो. मी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलो होतो आणि त्या शालीच्या वासाने माझं डोकं चढलं होतं.

भाषण संपवून नाना माइकवर म्हणाले, "आता प्रत्यक्ष बघू या! तो फटका इथंच, आपल्या मातीत!"

पोरगा उठून त्यांच्या कानाशी गेला. मी जवळच होतो, मला ऐकू आलं. "नाना, इथं गवत नाही. टणक जमीन आहे, काठी उसळते. बॉल वर न जाता सरळ जातो."

"गवत नाही? एवढंच ना!" नाना ओरडले, "मंडपवाले, ते हिरवं आणा रे!"

मंडपवाल्याने स्टेजवरचं हिरवं कारपेट ओढून मैदानात अंथरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता हा हसेल आणि काठी पिशवीत टाकेल. याने कारपेटवर बॉल ठेवला.

तेवढ्यात नानांना आणखी सुचलं. "नुसता कशाला? आबांच्या डोक्यावरून! बाप समोर खुर्चीत आणि बॉल डोक्यावरून पलीकडे!"

गाव उसळलं. शिट्ट्या काय, आरोळ्या काय. बायकांच्या बाजूने माझी बायको तेवढी ओरडली, "माणूस आहे का नारळ आहे तो?" तिचं कोण ऐकतो. मी पोराकडे बघितलं. नाही म्हणायचं काम त्याचं होतं. काठी त्याच्या हातात होती, कारपेटखाली काय आहे हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "आबा, फक्त हलू नका."

तोंडावर त्याच्या हसू होतं. टाळी खाऊन आलेलं हसू.

मी उठलो. "बसतो," म्हटलं, "पण आधी माझ्या जागी माठ बसू दे."

स्टेजमागचा पाण्याचा माठ मी स्वतः तिवईसकट आणून खुर्चीवर ठेवला, माझ्या डोक्याएवढा उंच. माझी टोपी काढून त्याच्यावर घातली. कोणीतरी ओरडलं, "आबा, माठ तुमच्यापेक्षा देखणा दिसतो!" हसू द्या म्हटलं.

पोराने मारला. बॉल छान वर चढला, माठावरून गेला आणि मागे पडला. फटाके लावले लोकांनी.

"झालं समाधान?" नाना म्हणाले. "बसा आता."

"अजून एकदा."

"काय आबा, घाबरनात का?" गर्दीतून एक जण ओरडला.

मागून दुसरा सगळ्या गावाकडे हात करून म्हणाला, "बठ्ठा गाव देखी ऱ्हायना. तुमना पोऱ्यावर इस्वास नही का?"

"पोऱ्यावर शे," मी म्हटलं. "कारपेटवर नही."

पोरगा वैतागला. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "आबा, पुरे ना आता. जमतंय ना? बसा."

"अजून एकदा," मी म्हटलं. मी हटणार नव्हतो. उन्हात उभा राहीन, रात्र झाली तरी उभा राहीन.

त्याने रागात बॉल ठेवला आणि मारला. काठी उसळली, बॉलच्या पोटात बसली. बॉल वर गेलाच नाही. गोफणीतल्या दगडासारखा सरळ आला आणि माठ फुटला. टोपी उडून मागे गेली आणि खुर्चीवरून पाणी वाहायला लागलं.

तेव्हा तरी लोक गप्प होतील असं मला वाटलं होतं. लोक हसले. पोट धरून हसले. "आबा फुटनात!" म्हणून एक जण लोळायचा बाकी राहिला. नाना माइकवर म्हणाले, "दुसरा माठ आणा रे!" धुळ्याहून आलेले एक पाहुणे होते, त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली. "उद्या आमच्याकडे धुळ्याला या. सकाळीच गाडी पाठवतो. आम्ही दोन खुर्च्या ठेवू, आई आणि वडील दोघांनाही बसवू. लोक वेडे होतील!"

पोरगा त्या ओल्या खुर्चीकडे बघत होता. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. म्हटलं आता बोलेल. आता सांगेल त्या माणसाला.

तो म्हणाला, "बघू."

थू. फुटलेल्या माठाने मला काही वाटलं नव्हतं, त्या 'बघू'ची किळस आली. तळ्यासमोर उभं राहून जो डगमगला नाही, त्याला एका उपऱ्या माणसासमोर नाही म्हणवेना. शाल मी खुर्चीवर, पाण्यातच टाकून आलो.

संध्याकाळी तो अंगणातल्या नळाखाली ती काठी धूत बसला. स्वच्छ झाली तरी धूत होता. मला बघून म्हणाला, "बॉल दोन बोटंच खाली लागला, आबा."

"दोन बोटं म्हणजे माझं कपाळ."

"धुळ्याला खरं गवत असेल."

"आणि खुर्चीत तुझी आई असेल."

रात्री तो जेवला नाही. त्याच्या आईने ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका आता. त्याचं त्याला कळू द्या." चाळीसचा होत आला, अजून किती कळायचं ठेवलंय देव जाणे.

सकाळी धुळ्याची पांढरी गाडी दारात आली तेव्हा मी ओट्यावरच होतो. पोरगा आत होता, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. ड्रायव्हरने विचारलं, साहेब तयार आहेत का. मी त्याला बसवलं, चहा पाजला, बिस्किटं दिली, बिचाऱ्याचा काय दोष. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तो येणार नाही. तुमच्या साहेबांना म्हणावं, खुर्च्या तुमच्या, आई-बाप पण तुमचेच बसवा." ड्रायव्हर आतल्या दाराकडे बघत राहिला. मीही बघितलं. कोणी बाहेर आलं नाही, आतून कोणी हाकही मारली नाही. मी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभा राहिलो आणि गाडी मागे घेऊन रस्त्याला लागेपर्यंत तिथून हललो नाही.