वाटाण्याच्या मापाचा साचा

काबुली चणे भिजत घातले की मला इंग्लंडमधल्या लेस्टरचा तो जुन्या वस्तूंचा बाजार आठवतो. डास मारला तरी मला दिवसभर टोचणी लागते, आणि त्या दिवशी मी शेजारच्या काकांबरोबर चक्क पिस्तुलाच्या गोळ्या ओतायचा साचा निवडायला गेलो होतो. त्यांच्याकडच्या खिशात मावणाऱ्या पुरातन पिस्तुलाच्या पेटीत साच्याची तेवढी जागा रिकामी होती. टेबलावर दोन पितळी साचे निघाले, दिसायला सारखेच, फक्त गोळीचं माप वेगळं, आणि पिस्तूल तिकडे लंडनजवळ हॅरोला काकांच्या घरी. विकणारी बाई म्हणाली, "एकदा नेलं की परत घेणार नाही हं." काकांनी घाबरून काकूंना फोन लावला. "अगं, नळीत काय मावतं ते बघ ना!" पलीकडे डबे वाजले. "अहो, वाटाणा सुळकन गेला. काबुली चणा मात्र अडकला. आता तुम्हीच काढा!" मी धावत समोरच्या गुजराती दुकानातून वाटाणे आणि काबुली चणे दोन्ही आणले. एका साच्यात चणा नेमका बसला, दुसऱ्यात वाटाणा. आम्ही वाटाण्याचा घेतला तेव्हा ती बाई पोट धरून हसत होती. साचा पेटीत चपखल बसला. चणा मात्र नळीतून अजून निघालेला नाही, म्हणजे त्या पिस्तुलातून आता गोळी सुटायची नाही, आणि खरं सांगतो, त्या पेटीशेजारी बसून चहा पिताना आता मला कसलीच टोचणी लागत नाही.