मुदतीतली सही

पक्षकाराचा विश्वास हेच वकिलाचं दैवत. हे वाक्य माझं आहे. अकोल्याच्या एका ज्येष्ठ वकिलांच्या मानपत्रासाठी मी ते लिहिलं — आणि त्याच महिन्यात एका पक्षकाराच्या अपिलाची मुदत घालवली. मानपत्राचं सगळ्यांना ठाऊक आहे. मुदतीचं आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

कौसाबाई भातकुलीकडची. तिचा फुलांचा मळा, आणि मळ्यात जायची एकच वाट — शेजाऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून. शेजाऱ्याने वाट अडवली, तिने दावा लावला, आणि नऊ वर्षांनी ती हरली. वाट बंद म्हणजे झेंडू जागेवरच वाळणार. अमरावतीला जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस होते. ती चौथ्याच दिवशी माझ्याकडे आली.

दाव्याच्या वेळी तिने वकीलपत्रावर अंगठा लावला होता. या वेळी मी सवयीने शाईचं पॅड पुढे केलं, तर म्हणाली, "अंगठा नाई जी. सुनेनं सही शिकवली मले." जीभ दातांत धरून तिने नाव लिहिलं. खाली, कुणी न सांगता, तारीखही घातली. "नऊ वर्सात तुमच्या कोर्टानं काई देल्लं नाई, पण मी लिहाले शिकली."

मी हसलो. कागद फाइलीत ठेवला. मग?

मग मानपत्र. संयोजकांना अकरा विशेषणं हवी होती, माझ्याकडे आठ होती. उरलेल्या तिनांसाठी मी अकोल्याच्या किती खेपा केल्या! माझा मुन्शी मुदतीची आठवण करून देत नव्हता का? रोज देत होता. म्हणजे मी विसरलो होतो असंही नाही — मी 'उद्या' म्हणत होतो. हे विसरण्यापेक्षा वाईट, नाही का?

फाइल उघडली तेव्हा मुदत संपून सत्तेचाळीस दिवस झाले होते. त्यावर उपाय असतो. उशीर माफ करा, असा अर्ज करायचा आणि उशिराचं कारण सांगायचं. कारण मी होतो. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं न्यायालयं अनेकदा म्हणतात. मला ते पाठ होतं. खरं लिहिलं असतं तरी बहुतेक भागलं असतं. फक्त त्यात माझं नाव आलं असतं — आणि मानपत्राखाली ते नुकतंच छापून आलं होतं.

मी लिहिलं: अर्जदार निरक्षर असून आजारपणामुळे वेळेत वकिलाकडे येऊ शकली नाही.

उरली वकीलपत्रावरची तिची सही. तारखेसकट. तो कागद मी फाडला.

प्रतिज्ञापत्राच्या दिवशी तिने पेन मागितलं. मी पॅड सरकवलं.

"काहून जी? मले येते नं सही."

"अंगठाच लावा, मावशी. कोर्टाला अंगठा बरा वाटतो."

ती पॅडकडे बघत राहिली. "माही सही चुकली होती काय, साहेब?"

"तुमचं काही चुकलं नाही." त्या दिवशी मी बोललेलं एवढंच खरं. मजकूर तिला वाचून दाखवला, असं त्या कागदावर माझ्या सहीने लिहिलेलं आहे. दाखवला नव्हता. कसा दाखवणार?

उशीर माफ झाला. आदेशात 'अशिक्षित ग्रामीण स्त्री'बद्दल सहानुभूतीच्या दोन ओळीही आल्या. पुढे ती अपील जिंकली, वाट मोकळी झाली. निकालाच्या नकलेचा अर्ज करायला आली तेव्हा टेबलावर झेंडूचा हार ठेवून म्हणाली, "तुमच्यामुळं झालं जी."

मी अर्ज पुढे केला. शेजारी पेन ठेवलं, टोपण काढून. तिने पेनाकडे पाहिलंही नाही. अंगठा पॅडकडे नेला.

पॅड वाळलं होतं. मी त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले.