जमिनीला बांधलेल्या खिडक्या

माझे काका हाताने नकाशे काढण्याच्या काळातले. ऑफिसात त्यांना सगळे 'ओळंबा' म्हणत, कारण त्यांची रेघ आणि त्यांची मान, दोन्ही कधी वाकली नाहीत. काकू म्हणत, उंची पाच फूट आणि तोरा सहा फुटांचा.

मग कॉम्प्युटर आला. इमारत आधी पडद्यावर उभी करायची, आणि प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी कोणत्या मजल्यापासून मोजायची ते सांगायचं. मजला सरकला की त्याच्याशी बांधलेलं सगळं सरकतं. आमच्याकडे आलेल्या एका हॉस्पिटलच्या खिडक्या मात्र काकांनी जुन्या सवयीने थेट जमिनीपासून मोजल्या. "मजले वरखाली होतात गं, जमीन हलत नाही," म्हणाले. मीही त्याच ऑफिसात, आणि तपासायचं काम माझं होतं. मी नंदीबैलासारखी मान डोलावली आणि सही ठोकली.

पुढे दुसऱ्या मजल्याच्या छतात नळांना जागा हवी म्हणून त्याची फरशी दोन फूट खाली घेतली. दारं, बेसिनं मुकाट्याने खाली उतरली. खिडक्या जागच्या हलल्या नाहीत, म्हणजे आतून दोन फूट उंच झाल्या. बाहेरून ओळ सरळच दिसत होती, त्यामुळे लक्षात आलं तेव्हा भिंती उभ्या राहिल्या होत्या. साहेब म्हणाले, हवा येते ना, मग झालं.

तीन वर्षांनी काकूंचं कमरेखालचं अंग गेलं आणि त्यांना त्याच मजल्यावर खाट मिळाली. आयुष्यभर खिडकीत बसून भाजी निवडलेली बाई. आता समोर नुसती भिंत. खाट बदलून मागितली, पण तिथे सगळ्याच खाटा तशा. मला काहीही करता येत नाही, आणि त्याचाच संताप येतो.

काल त्यांनी विचारलं, "कोणत्या शहाण्याने इतक्या वर ठेवली ही खिडकी?"

मी तोंड उघडणार होते, पण काकांची मान खाली गेलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

"अहो, बाहेर काय दिसतंय तेवढं तरी सांगा," काकू म्हणाल्या.

काका टाचा उंचावून उभे राहिले. तरी डोळे चौकटीच्या खालीच राहिले.

"मोठं झाड आहे," ते म्हणाले. "खाली बाक आहे."

त्या बाजूला फक्त गाड्या लावतात. ते झाड आणि तो बाक काकांनी पडद्यावरच्या इमारतीसमोर लावले होते. प्रत्यक्षात ते कुणी केलेच नाहीत.

"बाकावर सावली पडते का?"

"पडते," काका म्हणाले.